जोरात पिकअप घेताना ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार मध्येच दम खाते – गिअरबॉक्स की इंजिन?

नोव्हायकर | मिशिगन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २००२ सालची कॉर्व्हेट, सी५ पिढीतली, चार गिअरची ऑटोमॅटिक. इंजिन ५.७ लिटरचं व्ही८, ३५० अश्वशक्तीचं. हिवाळ्यात झाकून ठेवतो, बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ गेलं की बाहेर काढतो. ही गाडी मी फार जपतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

शहरात काही तक्रार नाही. हायवेला एका लयीत चालवली तरी नाही. पण आय-९६ च्या रॅम्पवर पेडल तळाला टेकवलं की गिअर खाली पडतो, गाडी झेप घेते, आणि ४६०० आरपीएमच्या आसपास कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते. क्षणभर अडते, ओढते, परत अडते. पाय थोडा सैल केला की लगेच सुरळीत. उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं.

चेक इंजिनचा दिवा लागत नाही. या गाडीत बिघाडाचे कोड डॅशबोर्डवरच वाचता येतात: इग्निशन ऑन करून ऑप्शन्सचं बटण दाबून ठेवायचं आणि फ्युएलचं बटण चार वेळा दाबायचं. इंजिनच्या कॉम्प्युटरकडे एकही कोड नाही.

जवळच्या एका ट्रान्समिशनवाल्याने एक चक्कर मारून गिअरबॉक्स आतून घसरतोय, खोलून नव्याने बांधावा लागेल असं सांगितलं. खर्च साडेतीन हजार डॉलर. सी५ मध्ये गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, इंजिनपासून तिथवर टॉर्क ट्यूब जाते, त्यामुळे काढण्या-घालण्याची मजुरीच भरमसाट. एवढे पैसे मोजण्याआधी मला खात्री हवी आहे. माझ्याकडे ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारा), मल्टिमीटर, जॅक आणि स्टँड आहेत. घरच्या घरी काय तपासता येईल?

सिंहगडरोड | पुणे

गिअरबॉक्सचं तेल पाहिलंत का? पातळी खाली गेली तरी गिअर घसरतो.

माझीही तक्रार याच जातीची आहे म्हणून इथेच लिहितो. दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेडान, ड्युअल क्लच. खंबाटकी चढताना पूर्ण पेडल दिलं की अडीच हजारांच्या पुढे दणके बसतात. मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग) गेलं असं दोन ठिकाणी ऐकलं. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होत असेल का, असंही मनात येतं.

टेस्टट्रॅक | चिंचवड

माझी सगळी नोकरी वाहनांच्या चाचणीत गेली. दोघांनाही सांगतो, गिअरबॉक्स एवढ्यात खोलू देऊ नका.

गिअरबॉक्स घसरतो तेव्हा इंजिन मोकळं सुटतं. आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि वेग आहे तिथेच राहतो. इंजिन दम सोडतं तेव्हा काटाच थबकतो. सीटवर बसलेल्या माणसाला दोन्ही वेळा एकच गोष्ट कळते, की ओढ गेली. नुसती चक्कर मारून निदान करणारा इथेच फसतो. म्हणून आरपीएम आणि वेग एकत्र नोंदवा आणि आरपीएमला वेगाने भागा. एका गिअरमध्ये हा भागाकार जवळपास स्थिर राहिला पाहिजे.

नोव्हायकर, तुमच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६, दुसऱ्याचं १.६३. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर बहुधा २.७३ असेल, ३.१५ सुद्धा मिळत होतं, तेव्हा आधी खात्री करा. मागचं टायर २७५/४० आर१८ धरलं तर त्याचा घेर सुमारे २.१३ मीटर. या हिशेबाने पहिल्या गिअरमध्ये ताशी दर मैलामागे साधारण १०५ आरपीएम येतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलाच्या मदतीने जोडणारा भाग) थोडी घसर असतेच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काही टक्क्यांनी वर दिसेल. वर दिसू दे. गचक्याच्या क्षणी तो उसळतो का, एवढंच पाहायचं.

चाचणी दुसऱ्या गिअरमध्ये करू नका. दुसऱ्यात ४६०० म्हणजे ताशी ८० मैलांच्या पुढे-मागे. लिव्हर १ वर ठेवा. पहिल्या गिअरमध्ये ४६०० ते ५८०० हा पट्टा ४२ ते ५४ मैलांतच येतो. रस्ता कोरडा, सरळ आणि मोकळा हवा, आणि स्क्रीन बघायला शेजारी दुसरं माणूस हवं.

आणखी एक. स्वस्त डोंगलकडे एकदम वीस गोष्टी मागू नका. जितक्या जास्त मागाल तितकी प्रत्येकीची नोंद विरळ होते आणि अर्ध्या सेकंदाचा गचका दोन नोंदींच्या मध्ये हरवतो. पहिल्या फेरीत आरपीएम, वेग आणि थ्रॉटल, बस. पुढच्या फेरीत आरपीएम, हवेचं माप आणि दोन्ही बाजूंचे पुढचे ऑक्सिजन सेन्सर.

नोव्हायकर

काका, मनापासून आभार. सिंहगडरोड, या गाडीत गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानाला बाजूचा प्लग उघडावा लागतो. तेही केलं. पातळी बरोबर, तेल लालसर, जळका वास नाही.

डिफरन्शियल २.७३ चंच आहे. पहिल्या फेरीत अडण्याआधी भागाकार १०८-१०९ होता. अडली त्या क्षणी १०७. परत ओढायला लागली तेव्हा १०८. थ्रॉटल सबंध वेळ पूर्ण उघडा. या गाडीत थ्रॉटल मोटरने उघडतो, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलने तो मिटवला असेल अशी एक शंका होती, तीही मिटली.

दुसरी फेरी: ५००० आरपीएमला हवा सेकंदाला सुमारे २४० ग्रॅम. ऑक्सिजन सेन्सर दोन्ही बाजूंना ०.८९ व्होल्ट, मग ४६०० नंतर ०.६, आणि गाडी अडते तेव्हा ०.१५ पर्यंत खाली. दोन्ही एकदमच पडतात.

टेस्टट्रॅक | चिंचवड

गिअरबॉक्स सुटला. तो १०७ चा आकडा नीट बघा. इंजिनचा जोर कमी झाला म्हणून टॉर्क कन्व्हर्टरची घसरही कमी झाली. गिअरबॉक्सच्या आतले क्लच पॅक घसरत असते तर हाच आकडा ११५-१२० वर उडाला असता. ही नोंद छापून त्या ट्रान्समिशनवाल्याला दाखवा.

ठिणगी | स्टुटगार्ट

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, त्यामुळे पुढचं सांगते. पण आधी एक कळकळीची विनंती: नोव्हायकर, आता पूर्ण पेडल देणं थांबवा. ऑक्सिजन सेन्सर ०.९ च्या आसपास म्हणजे पेट्रोल भरपूर, ०.१५ म्हणजे कमी. पूर्ण भाराखाली पेट्रोल कमी पडलं की सिलिंडरमधलं तापमान आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) दोन्ही वाढतात. नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन इंजिनला वाचवायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा असते. पिस्टन असेच जातात.

हवेपासून सुरुवात करू. ५.७ लिटरचं इंजिन ५००० आरपीएमला पूर्ण भरलं तर सेकंदाला सुमारे पावणेतीनशे ग्रॅम हवा ओढेल. तुम्हाला २४० मिळतेय, म्हणजे ८६-८७ टक्के. या जुन्या दोन-व्हॉल्व्ह इंजिनाला ते शोभतं. एअर फिल्टर तुंबलेला नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलेला नाही आणि हवेचं माप घेणारा सेन्सरही खोटं सांगत नाही, कारण यांपैकी काही बिघडलं असतं तर आकडा बराच खाली दिसला असता.

दोन्ही बाजूंचे सेन्सर एकत्र पडतात हे सगळ्यात बोलकं आहे. एखादा इंजेक्टर चोंदला असता तर एकच बाजू पडली असती. दोन्हींना मिळून जे काही पुरवठा करतं, तिथे दोष आहे: पंप, फिल्टर, दाब राखणारा रेग्युलेटर किंवा पंपाची वीज.

दिवा का लागत नाही, तेही सांगते. साध्या चालवण्यात कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो आणि ही दुरुस्ती फार वाढली की पी०१७१, पी०१७४ असे (पेट्रोल कमी पडतंय सांगणारे) कोड टाकतो. पेडल तळाला गेलं की तो सेन्सरकडे बघणं सोडतो आणि तक्त्यातल्या आकड्याने जास्तीचं पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचलं का, हे त्या वेळी तो तपासतच नाही. कोड नाही म्हणजे इंजिन ठीक, असं धरून पुष्कळ चांगले गिअरबॉक्स विनाकारण खोलले गेले आहेत.

दहाअकराचा_पाना | कोल्हापूर

माझं स्वतःचं गॅरेज आहे. मॅडमचं सगळं पटतंय. फक्त स्कॅनर लावायच्या आधी काय करावं ते सांगतो, कारण सगळ्यांकडे स्कॅनर नसतोय.

गचका कसा आहे ते अंगाने ओळखा. स्पार्क तुटला की मिसिंग (एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटणं) टोचतं, धाड-धाड, स्टिअरिंगला कळतंय. पेट्रोल कमी पडलं की गाडी मऊ पडती, लांबट होती, आवाज बसतोय. नोव्हायकर साहेबांनी लिहिलंय "धरल्यासारखी", पुण्याच्या साहेबांनी लिहिलंय "दणके". मला तर हे दोन वेगळे रोग दिसतात.

सिंहगडरोड साहेब, तुमची गाडी टर्बो. बूस्ट आला की सिलिंडरात हवा दाटती, आणि दाटलेल्या हवेत ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतंय. प्लगचं गॅप झिजून वाढलेलं असलं, नाहीतर कॉइल दमलेली असली, तर सपाटीला कळत नाही, घाटात कळतंय. मेकाट्रॉनिकचा खर्च राहू दे बाजूला. स्कॅनरवर कुठला सिलिंडर मिसिंग दाखवतोय ते बघा आणि त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल. तिथंच राहिलं तर प्लग बघा, मग इंजेक्टर. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय लगेच काढायचा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन पेटतंय आणि कन्व्हर्टर जातोय.

सिंहगडरोड | पुणे

दिवा लुकलुकला होता, एकदा वरच्या वळणावर! मी ते लिहायला हवं होतं असं वाटलंच नाही. उद्याच बघतो. ई२० बद्दलही कुणी सांगा.

ठिणगी | स्टुटगार्ट

ई२० ला निव्वळ पेट्रोलपेक्षा वजनाने साधारण ८-९ टक्के जास्त इंधन लागतं, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. सेन्सर बघून कॉम्प्युटर एवढी दुरुस्ती सहज करतो. ज्या गाडीचा पंप किंवा फिल्टर आधीच काठावर आहे, तिथे हा वाढीव वाटा शेवटचा धक्का ठरू शकतो. मायलेजही थोडं घटतं. पण एकाच सिलिंडरचं मिसिंग त्याने होत नाही, इंधन चारही सिलिंडरना एकच जातं.

नोव्हायकर, पुढची पायरी म्हणजे भाराखाली पेट्रोलचा दाब. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मोजलेला दाब इथे काहीच सांगणार नाही. आयडलला इंजिन इतकं कमी पेट्रोल पितं की मरणाच्या दारातला पंपही तेवढं सहज पुरवतो.

नोव्हायकर

मोजलं. इथे थोडं तपशिलात लिहितो, कारण आधी शोधलं तेव्हा मराठीत हे कुठेच सापडलं नाही.

इंजिनवरची प्लास्टिकची कव्हरं काढली की फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) टायरच्या व्हॉल्व्हसारखं तोंड दिसतं. गेज तिथे लागतो. सी५ च्या बोनेटची बिजागरी पुढे असते, बोनेट काचेकडून उघडतं. त्यामुळे लांब नळी काचेजवळच्या फटीतून बाहेर आली आणि गेज वायपरखाली, काचेच्या बाहेर पक्का बांधता आला. गेज केबिनच्या आत आणायचा नाही, नळीत दाबाखालचं पेट्रोल असतं. बोनेट बंद केल्यावर नळी चिमटत नाही ना, एक्झॉस्टला टेकत नाही ना, हे हात घालून पाहिलं. जोडावर कागदी रुमाल गुंडाळून इंजिन चालवलं, ओल आली नाही, मगच निघालो. बायकोने काचेतून गेजचं चित्रीकरण केलं. ठिणगी, तुमचं ऐकून गाडी अडू लागताच पाय काढला, ताणलं नाही.

आयडलला ५८ पीएसआय, अगदी हवा तेवढा. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पेडलला ३००० वर ५७, ४००० वर ५२, ४६०० वर ४४. तिथून सरळ उतरत ३८. पाय काढला की लगेच परत ५८.

ठिणगी | स्टुटगार्ट

सुंदर नोंद. आता हिशेब बघा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात जवळपास नसतो, त्यामुळे गेजवरचा दाब तसाच धरता येतो. ३८ भागिले ५८, त्याचं वर्गमूळ ०.८१. म्हणजे कॉम्प्युटरने मागितलेल्या पेट्रोलपैकी ८१ टक्केच पोहोचतंय. पूर्ण भाराला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या वर म्हणजे पेट्रोल कमी) ०.८५ च्या आसपास मागितला जातो, त्याला ०.८१ ने भागलं की १.०५. गरजेपेक्षा पेट्रोल कमी, आणि म्हणूनच सेन्सर ०.१५ वर. दोन वेगळ्या उपकरणांनी एकच गोष्ट सांगितली. आता अंदाज संपला.

मात्र लगेच पंप मागवू नका. आधी पंपाच्या कनेक्टरपाशी, भाराखाली, व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं तर रिले, अर्थिंग, गंजलेली पिन शोधायची. ते ठीक असेल तर फिल्टर. क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटही बघा. पुढे फिल्टर तुंबला असेल तर पंपाला जोर करावा लागतो आणि करंट चढतो. टाकीतली जाळी तुंबली असेल तर पंपाला पेट्रोलच पुरत नाही, करंट उतरतो आणि पंप किंचाळतो.

दहाअकराचा_पाना | कोल्हापूर

फिल्टर कधी बदललाय?

नोव्हायकर

आधीच्या मालकाने दिलेल्या पावत्यांमध्ये तेल, टायर, ब्रेक, बॅटरी सगळं आहे. फिल्टरची पावती एकही नाही.

व्होल्टेज मोजलं. लांब वायर केबिनमध्ये घेऊन, भाराखाली पंपापाशी १३.६, बॅटरीवर १४.०. वीज ठीक. क्लॅम्प मीटर शेजाऱ्याकडून आणला, करंट पंपाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा चढाच निघाला.

टेस्टट्रॅक | चिंचवड

मग फिल्टरच. तुमच्या वर्षाच्या गाडीत फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डब्यात आहेत, डाव्या टाकीपाशी. टाकीकडून दोन नळ्या, एक येणारी, एक परत जाणारी, आणि इंजिनकडे एकच. क्विक कनेक्टर सोडवायची हत्यारं आधी आणून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर नळीचं तोंड तुटेल. इंजिन थंड असताना काम करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, रेलवरच्या व्हॉल्व्हवर चिंधी धरून दाब सोडा. गॅरेजचं दार उघडं, गरम पाण्याचा गॅस हीटर गॅरेजमध्ये असेल तर तो बंद, अग्निशामक हाताशी. नळ्यांमधलं पेट्रोल अंगावर येणार हे धरून चाला, चष्मा घाला.

सिंहगडरोड | पुणे

पाना साहेब, मिसिंग तिसऱ्या सिलिंडरला होतं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या कॉइल आपसात बदलून कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खंबाटकीपर्यंत गेलो, मिसिंग दुसऱ्यावर आलं. नवीन कॉइल आणि चारही प्लग घातले. जुन्या प्लगचं गॅप फिलर गेजने पाहिलं, चारही वाढलेले. आता पूर्ण पेडलला घाट एका दमात चढते. मेकाट्रॉनिकला कुणी हातही लावला नाही. तुमचे उपकार आहेत.

नोव्हायकर

फिल्टर बदलला. आयडलला ५८. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पेडलला ५५०० वरसुद्धा ५५. ऑक्सिजन सेन्सर दोन्ही बाजूंना ०.८८ ते ०.९०, कुठेही पडत नाहीत. भागाकार १०८-१०९, सरळ रेषेत. गचका गेला.

जुना फिल्टर पूर्ण निथळू दिला, दोन दिवस उघड्यावर ठेवला आणि पाइप कटरने कापला. येणाऱ्या नळीकडून कागदाच्या घड्या गर्द तपकिरी झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, बोटाला बारीक रेव लागत होती. दुसऱ्या बाजूला कागद अजून पिवळसर. वीस वर्षांहून जास्त काळ ज्याने हे सगळं इंजेक्टरपर्यंत जाऊ दिलं नाही, त्या भागाला दोष देववत नाही.

एक प्रश्न उरतो. इतके दिवस तुंबलेल्या फिल्टरशी झुंजलेला पंप आता बदलावा का?

ठिणगी | स्टुटगार्ट

आजच्या आकड्यांवरून नको. पण आजचे आकडे जपून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर परत मोजा. आणि टाकी पावभर असताना एकदा नक्की मोजा. सी५ ला दोन टाक्या आहेत, पंप डावीकडे, आणि उजवीकडचं पेट्रोल जेटच्या ओढीने डावीकडे येतं. ती ओढ कमी पडत असेल तर भरल्या टाकीला काहीच दिसणार नाही. पावभर टाकीला दाब पडला, तर पंपाआधी तो जेट आणि टाकीतली जाळी बघायची.

नोव्हायकर

पाव टाकीला मोजलं. आयडलला ५८, ५५०० ला ५४. पंप राहू देतो. क्विक कनेक्टरची हत्यारं आणि लांब नळीचा गेज माझ्याकडे आहे. डेट्रॉईटच्या आसपास कुणाला लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणून देईन.